अकालजात अर्भकाचा सामाजिक व वर्तनविषयक विकास

अकालजात अर्भकाचा सामाजिक व वर्तनविषयक विकास : गर्भावस्थेचे सदतीस आठवडे पूर्ण होण्यापूर्वी जन्मलेल्या अर्भकास ‘अकालजात’ किंवा व्यवहारात ‘अपुऱ्या दिवसांचे’ अर्भक म्हणतात. चेहऱ्याकडे पाहणे, आवाजाला प्रतिसाद देणे, रडून गरज कळविणे, कुशीत शांत होणे, हसणे, दुसऱ्याच्या नजरेचा मागोवा घेणे इ. वर्तने अशा अर्भकात कोणत्या क्रमाने व कोणत्या गतीने प्रकट होतात, त्यांवर अपक्व जन्माचा व जन्मोत्तर परिस्थितीचा कोणता परिणाम होतो आणि तो कितपत टाळता येतो, याचा अभ्यास विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पद्धतशीरपणे सुरू झाला. तोपर्यंत वैद्यकाचे सारे लक्ष असे अर्भक जगविण्यावरच केंद्रित झाले होते. जगण्याची शक्यता वाढल्यानंतर, जगलेले मूल पुढे कसे वाढते हा प्रश्न तितकाच महत्त्वाचा ठरला.

व्याख्या व प्रमाण : गर्भावस्थेचा काल मातेच्या शेवटच्या मासिक पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. पूर्ण दिवसांची गर्भावस्था सु. ४० आठवड्यांची, म्हणजे २८० दिवसांची असते. ३२ ते ३७ आठवड्यांच्या दरम्यान जन्मलेली अर्भके मध्यम वा सौम्य प्रमाणात अकालजात, २८ ते ३२ आठवड्यांच्या दरम्यानची अति अकालजात आणि २८ आठवड्यांपूर्वीची अत्यंत अकालजात समजली जातात. सर्वाधिक संख्या पहिल्या वर्गाची असते. २०२० साली जगात सु. १ कोटी ३४ लाख अर्भके अकाली जन्मली, असा अंदाज आहे. त्यांपैकी सु. ३० लाख भारतातील असून एवढी मोठी संख्या दुसऱ्या कोणत्याही देशात नव्हती.

अकालजात व अल्पवजनी या संज्ञा समानार्थी नाहीत. जन्मतः २,५०० ग्रॅ. पेक्षा कमी वजन असलेल्या अर्भकास अल्पवजनी म्हणतात. मातेच्या कुपोषणामुळे वा अन्य कारणांनी गर्भाची वाढ खुंटल्यास पूर्ण दिवसांचे अर्भकही अल्पवजनी असू शकते आणि भारतात अशा अर्भकांचे प्रमाण मोठे आहे. ज्या अर्भकाचा जन्म अकाली झालेला असून त्याचे वजन त्या आठवड्याच्या मानानेही कमी असते, त्याला दुहेरी धोका संभवतो. जुळी वा तिळी गर्भधारणा, मातेचा उच्च रक्तदाब, जंतुसंक्रमण, रक्तक्षय, अतिशय लहान वयातील गर्भधारणा व दोन बाळंतपणांतील अपुरे अंतर ही अकाल प्रसवाची प्रमुख कारणे होत. तथापि पुष्कळदा निश्चित कारण सापडत नाही. सहा देशांतील सु. १२,००० प्रथमगर्भिणींवर करण्यात आलेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत नागपूर व बेळगाव येथील केंद्रांचा समावेश होता. अल्प मात्रेतील ॲस्पिरिनमुळे अकाल प्रसवाचे प्रमाण १३·१ टक्क्यांवरून ११·६ टक्क्यांपर्यंत उतरल्याचे तीत दिसून आले.

पूर्वेतिहास : सातव्या महिन्यात जन्मलेले मूल जगते, परंतु आठव्या महिन्यातील जगत नाही, अशी समजूत महाराष्ट्रात दीर्घकाल रूढ होती. आठव्या महिन्यात ओज अस्थिर असते व ते माता आणि गर्भ यांच्यात ये-जा करते, असे प्रतिपादन आयुर्वेदीय संहितांत आढळते. प्राचीन ग्रीक वैद्यकातही याच स्वरूपाचे मत होते. प्रत्यक्षात गर्भाशयातील प्रत्येक वाढत्या आठवड्याबरोबर अर्भक जगण्याची शक्यता वाढत जाते. त्यामुळे आठव्या महिन्यातील अर्भक सातव्या महिन्यातील अर्भकापेक्षा अधिक सुरक्षित असते.

पॅरिस येथील प्रसूतितज्ज्ञ स्तेफान तार्निए यांनी १८८० च्या सुमारास अकालजात अर्भकांसाठी उबपेटीचा वापर सुरू केला. त्यांचे शिष्य प्येअर ब्यूदँ यांनी १९०० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात एक महत्त्वाचे निरीक्षण नोंदविले. ज्या मातांना आपल्या अर्भकाला पाजता व हाताळता येत नाही, त्यांची त्याच्याविषयीची ओढ लवकरच क्षीण होते, असे त्यांना आढळले. म्हणून मातांनी रुग्णालयात येऊन अर्भकाला स्वतः पाजावे, असा त्यांचा आग्रह होता. परंतु पुढील काळात जंतुसंक्रमणाच्या भीतीने नेमके उलटे घडले. अकालजात अर्भकांच्या कक्षांत मातापित्यांना मज्जाव करण्यात आला आणि कित्येक आठवडे माता आपले मूल काचेतूनच पाहू लागली. अमेरिकेत मार्शल क्लाउस व त्यांचे सहकारी यांनी मातांना अशा कक्षांत प्रवेश देऊन पाहिला. त्यामुळे जंतुसंक्रमण वाढत नाही, हे १९७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासावरून स्पष्ट झाले. त्यानंतर हे निर्बंध क्रमाने शिथिल होऊ लागले. प्रसवापूर्वी मातेला स्टेरॉइडे देऊन गर्भाची फुप्फुसे लवकर पक्व करण्याची पद्धती (१९७२) आणि फुप्फुसांत पृष्ठताण कमी करणारे द्रव्य सोडण्याचा उपचार (१९८०) यांमुळे फार लहान अर्भकेही जगू लागली आणि त्यांच्या पुढील विकासाचा प्रश्न ऐरणीवर आला.

मेंदूची वाढ व जन्मोत्तर परिसर : गर्भावस्थेचे शेवटचे तीन महिने मेंदूच्या दृष्टीने अत्यंत वेगवान वाढीचे असतात. ३४ व्या आठवड्यात मेंदूचे वजन पूर्ण दिवसांच्या अर्भकाच्या मेंदूच्या वजनाच्या सु. ६५ टक्केच असते. बाह्यकाचे पृष्ठ याच काळात वळ्यांनी व्यापले जाते आणि तंत्रिका तंतूंभोवती वसावरण तयार करणाऱ्या कोशिकांची वाढ होत असते. २४ ते ३२ आठवड्यांच्या दरम्यान या कोशिका ऑक्सिजनची न्यूनता व शोथ यांनी सहज दुखावतात. मेंदूच्या निरनिराळ्या भागांना जोडणाऱ्या श्वेत द्रव्याची वाढ त्यामुळे अपुरी राहू शकते. लक्ष देणे, ते एका गोष्टीवरून दुसरीकडे वळविणे व पाहिलेल्या-ऐकलेल्या गोष्टींची सांगड घालणे या क्रिया अशा जोडणीवर अवलंबून असल्याने सामाजिक वर्तनाशी तिचा निकटचा संबंध पोहोचतो.

गर्भाशयात स्पर्श, तोल, गंध, रुची व श्रवण या संवेदना क्रमाने कार्यक्षम होतात. दृष्टी सर्वांत शेवटी येते. गर्भाला मातेचा आवाज, तिच्या हृदयाचे ठोके व तिची हालचाल यांची सोबत असते; प्रकाश फारसा नसतो. अकाली जन्मलेल्या अर्भकाच्या बाबतीत हा क्रम मोडतो. दृष्टी अपक्व असतानाच त्याच्यावर प्रखर प्रकाश पडतो. यंत्रांचे गजर, नळ्या, सुया व चिकटपट्ट्या यांच्याशी त्याचा वारंवार संबंध येतो आणि मातेचा आवाज व स्पर्श मात्र दुरावतात. अतिदक्षता कक्षातील आवाज ४५ डेसिबेलच्या आत असावा, अशी शिफारस आहे. परंतु गजबजलेल्या कक्षात ही मर्यादा पाळणे कठीण जाते. अकालजात अर्भकाची अडचण अशा रीतीने दुहेरी असते : एकीकडे त्याला नको असलेले उद्दीपन अतिरेकी प्रमाणात मिळते आणि दुसरीकडे हवे असलेले उद्दीपन कमी पडते.

वर्तनाची सुरुवात व अर्भकाचे संकेत : नवजात अर्भक निष्क्रिय असते, ही जुनी समजूत आता मागे पडली आहे. अमेरिकन बालरोगतज्ज्ञ टी. बेरी ब्रेझल्टन यांनी १९७३ मध्ये नवजाताच्या वर्तनाचे मूल्यमापन करणारी मापनश्रेणी प्रसिद्ध केली. गाढ झोप, हलकी झोप, गुंगी, शांत जागृती, चळवळी जागृती व रडणे अशा अवस्थांतून अर्भक जात असते आणि शांत जागृतीच्या अवस्थेतच ते चेहऱ्याकडे टक लावून पाहते व आवाजाच्या दिशेने वळते, हे या श्रेणीमागील गृहीत होय. पूर्ण दिवसांच्या अर्भकात या अवस्था एकमेकींपासून स्पष्टपणे वेगळ्या दिसतात. अकालजात अर्भकात त्या अस्पष्ट असतात. शांत जागृती अल्पकाळ टिकते आणि अर्भक एकदम गुंगीत अथवा कासावीस रडण्यात जाते.

हायडेलिझ आल्स यांनी १९८० नंतरच्या दशकात अकालजात अर्भकाच्या वर्तनाचे सूक्ष्म निरीक्षण करून त्याची एक उपपत्ती मांडली. तिच्यानुसार श्वसन व रक्ताभिसरण, हालचाली, झोप-जागृतीच्या अवस्था आणि बाहेरच्या जगाशी देवाणघेवाण या पातळ्या परस्परांवर आधारलेल्या असतात. खालच्या पातळीवरील स्थैर्य ढळले, तर वरची पातळी कोसळते. म्हणून मातेने प्रेमाने बोलणे, डोलविणे व डोळ्यांत पाहणे एकाच वेळी सुरू केले, तर अर्भकाचा श्वास अनियमित होऊ शकतो, वर्ण पालटू शकतो किंवा ते हातपाय ताणून बोटे फाकवते. उचकी, जांभई, शिंक, मान वळविणे व नजर चुकविणे हे पुष्कळदा ‘आता पुरे’ असे सांगणारे संकेत असतात. याउलट हात तोंडाकडे नेणे, बोट घट्ट धरणे, पाय जुळवून अंग आवळून घेणे व चेहरा सैल होणे ही स्थैर्याची चिन्हे होत. असे संकेत पाहून एका वेळी एकच उद्दीपन द्यावे व अर्भकाने मान वळविल्यास थांबावे, हे या उपपत्तीतून निघालेले व्यावहारिक मार्गदर्शन आहे. अर्भकाने नजर वळविली म्हणजे त्याला माता नकोशी झाली असे नसून, ते थकल्यामुळे क्षणभर विश्रांती घेत असते.

सुधारित वय : अकालजात अर्भकाचे वय दोन प्रकारे मोजावे लागते. जन्मतारखेपासूनचे वय हे एक. आणि त्यातून, ते जितके आठवडे लवकर जन्मले तितके वजा केल्यावर येणारे ‘सुधारित वय’ हे दुसरे. उदा., ३२ व्या आठवड्यात, म्हणजे आठ आठवडे अगोदर जन्मलेले अर्भक जन्मानंतर १४ आठवड्यांचे झाले, की त्याचे सुधारित वय सहा आठवडे असते. समोरच्या माणसाचा चेहरा पाहून येणारे हसू पूर्ण दिवसांच्या अर्भकात साधारणपणे सहाव्या आठवड्याच्या सुमारास दिसते. तेव्हा वरील अर्भकात ते १४ व्या आठवड्याच्या आसपास अपेक्षावे लागते. अर्भक अडीच महिन्यांचे झाले तरी हसत नाही म्हणून घाबरून जाण्याचे कारण नसते. विकासाचे मूल्यमापन करताना दोन वर्षांच्या वयापर्यंत सुधारित वय विचारात घेण्याचा प्रघात आहे. लसीकरण मात्र सामान्यतः जन्मतारखेनुसारच करावयाचे असते.

सर्वच सामाजिक क्षमता केवळ मेंदूच्या पक्वतेवर अवलंबून असतात, असे नाही. मार्सेला पेन्या व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, मेंदूला इजा न झालेली व प्रकृतीने निरोगी अशी अकालजात अर्भके दुसऱ्याच्या नजरेचा मागोवा घेण्यात, सुधारित वयावरून अपेक्षावे त्यापेक्षा पुढे होती. त्यांची ही क्षमता जन्मापासूनच्या तेवढ्याच वयाच्या पूर्ण दिवसांच्या अर्भकांसारखी होती. चेहरे व नजरा पाहण्याचा अनुभव त्यांना काही आठवडे अधिक मिळाला होता, हे त्याचे संभाव्य कारण होय. म्हणजेच सामाजिक विकासाचा काही भाग मेंदूच्या वयाशी व काही भाग माणसांच्या सहवासाशी निगडित असतो. अकालजात अर्भकाच्या संगोपनाचा सारा भर या दुसऱ्या भागावर आहे.

माता व अर्भक यांतील देवाणघेवाण : अर्भक व माता यांच्यातील व्यवहार हा एक प्रकारचा संवाद असतो. एकाने पुढाकार घ्यावा, दुसऱ्याने प्रतिसाद द्यावा व मग थांबावे, अशी त्याची लय असते. एडवर्ड ट्रॉनिक व त्यांचे सहकारी यांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात मातांनी थोडा वेळ चेहरा निर्विकार ठेवला असता लहान अर्भकेही प्रथम हसून, हातवारे करून मातेला बोलते करू पाहतात व अखेर खिन्न होऊन तोंड फिरवतात, असे दिसून आले. प्रतिसाद मिळावा ही अर्भकाची अपेक्षा यावरून सिद्ध होते.

अकालजात अर्भकाच्या बाबतीत हा संवाद दोन्ही बाजूंनी अडखळतो. अर्भक कमी वेळ जागे राहते, कमी पाहते, उशिरा हसते आणि त्याचे रडणे समजण्यास अवघड असते. मातेची मानसिक तयारी पूर्ण होण्याआधीच प्रसूती झालेली असते. मूल जगेल की नाही, ही चिंता, अपराधाची भावना व खिन्नता यांनी ती ग्रासलेली असते. प्रतिसाद मिळत नाही म्हणून ती अधिक बोलते, अधिक हलविते. त्यामुळे अर्भक अधिक थकते व मान फिरवते. हे चक्र ओळखून मातेला धीर दिल्यास ते सहसा काही महिन्यांत सुटते. अर्भकाचा दोष नाही व मातेचाही नाही, हे घरच्या मंडळींना समजणे त्यासाठी आवश्यक असते.

महाराष्ट्रात पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी जाण्याचा, पाचवी व बारसे हे विधी करण्याचा आणि बाळंतिणीला सव्वा महिना विश्रांती देण्याचा प्रघात आहे. अर्भक रुग्णालयात असताना हे विधी खोळंबतात व घरात काळजीचे वातावरण राहते. परंतु मातेला कामातून मिळणारी सवड व आई, सासू, मावशी यांचा आधार ही या प्रघाताची बलस्थाने आहेत. काही रूढी मात्र अकालजात अर्भकाला अपायकारक ठरतात. नाजूक अर्भकाला रोज न्हाऊ घातल्याने त्याच्या शरीराचे तापमान उतरते. ओवा-वेखंडाच्या धुरीने अपक्व फुप्फुसांना त्रास होतो. आणि बाळगुटीने जंतुसंक्रमणाचा धोका वाढतो. अंगाई गाणे, हळू आवाजात बोलणे व कुशीत घेणे या रूढींचे महत्त्व मात्र आधुनिक अभ्यासाने अधोरेखित केले आहे. तेल लावण्याविषयी मुंबई येथे झालेल्या व २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, खोबरेल तेलाने मर्दन केलेल्या अकालजात अर्भकांचे वजन अधिक वाढल्याचे आढळले. वर्तनाच्या मापनात मात्र लक्षणीय फरक पडला नाही.

दूरगामी परिणाम : बहुसंख्य अकालजात मुले शाळेत जातात, मित्र जोडतात व स्वावलंबी होतात. तथापि समूह म्हणून पाहता त्यांच्यात काही वर्तनविशेष अधिक प्रमाणात आढळतात. अवधानातील उणीव, चिंताप्रवणता आणि समवयस्कांशी मिसळण्यातील अडचण हे ते तीन विशेष होत. दांडगाई, खोड्या व आक्रमकता यांचे प्रमाण या मुलांत त्या मानाने वाढलेले नसते. त्यामुळे अशी मुले वर्गात शांत व ‘गुणी’ समजली जाऊन त्यांच्या अडचणींकडे दुर्लक्ष होण्याचा संभव असतो. १९९५ साली ब्रिटन व आयर्लंडमध्ये २६ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या मुलांच्या पाहणीत अकराव्या वर्षी सु. ८ टक्के मुलांत स्वमग्नतेची लक्षणसमष्टी आढळली. हे प्रमाण सर्वसाधारण मुलांच्या तुलनेत बरेच अधिक आहे. परंतु एवढ्या अपक्व अवस्थेत जन्मूनही नव्वद टक्क्यांहून अधिक मुलांत ती नव्हती, हेही त्यावरून दिसते.

दुसऱ्या वर्षी प्रश्नावलीच्या आधारे केलेल्या चाळणी परीक्षेचा अर्थ लावताना विशेष सावधगिरी लागते. अमेरिकेत २८ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या मुलांपैकी सु. २१ टक्के मुले स्वमग्नतेच्या अशा परीक्षेत संशयित ठरली; परंतु हालचाल, आकलन, दृष्टी वा श्रवण यांत दोष असलेली मुले वगळल्यावर हे प्रमाण सु. १० टक्क्यांवर आले. ज्याला नीट दिसत वा ऐकू येत नाही, ते मूल हाकेला वळत नाही. त्याला स्वमग्न ठरविण्यापूर्वी डोळे व कान तपासणे अगत्याचे असते.

भारतातील मुलांविषयीची दीर्घकालीन माहिती प्रामुख्याने पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील अभ्यासामुळे उपलब्ध झाली. सुधा चौधरी, आनंद पंडित व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७–८९ या काळात नवजात अतिदक्षता कक्षातून घरी गेलेल्या, २,००० ग्रॅ. पेक्षा कमी जन्मवजनाच्या अर्भकांचा पाठपुरावा वर्षानुवर्षे केला. या गटात अकालजात अर्भकांबरोबर पूर्ण दिवसांची पण वाढ खुंटलेली अर्भकेही होती. बाराव्या वर्षी या मुलांचा सरासरी बुद्ध्यंक ८९·५ आढळला, तर तुलनेसाठी घेतलेल्या पूर्ण दिवसांच्या व योग्य वजनाच्या मुलांचा तो ९७·२ होता. अकालजात व शिवाय वाढ खुंटलेल्या मुलांची स्थिती त्यातल्या त्यात मागे होती. दृष्टी व हात यांचा मेळ घालण्यात आणि लेखन व गणित या विषयांत अडचणी आढळल्या. तथापि सरासरी बुद्ध्यंक सामान्य मर्यादेतच होता आणि मातेच्या शिक्षणाचा मुलाच्या बौद्धिक विकासावर मोठा अनुकूल परिणाम दिसून आला. याच मुलांचा पाठपुरावा अठराव्या वर्षापर्यंत चालू ठेवण्यात आला व त्याचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. जन्माच्या वेळचे वजन व आठवडे बदलता येत नाहीत. घरातील शिक्षण व संगोपन मात्र बदलता येते, हा या दीर्घ अभ्यासाचा व्यावहारिक अर्थ होय.

संगोपनाच्या पद्धती : कांगारू मातृसंगोपन ही पद्धती १९७८ मध्ये कोलंबियातील बोगोटा येथे एद्गार रेय सानाब्रिया यांनी सुरू केली. तेथे उबपेट्या अपुऱ्या होत्या. अर्भकाला फक्त लंगोट व टोपी घालून मातेच्या उघड्या छातीवर उभे बांधून ठेवतात, वरून वस्त्र गुंडाळतात व केवळ मातेचे दूध देतात. यामुळे अर्भक उबदार राहते, त्याचा श्वास स्थिरावतो व मातेचा आवाज, गंध आणि ठोके त्याला पुन्हा लाभतात. पिता किंवा आजी यांनाही हे काम करता येते. आफ्रिकेतील चार देश व भारत येथे झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत १,००० ते १,७९९ ग्रॅ. वजनाच्या अर्भकांना जन्मानंतर लगेच अशा प्रकारे ठेवले असता पहिल्या २८ दिवसांतील मृत्यूचे प्रमाण १५·७ टक्क्यांवरून १२·० टक्क्यांवर आले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये ही पद्धती शक्य तितक्या लवकर सुरू करण्याची व दिवसातून ८ ते २४ तास चालू ठेवण्याची शिफारस केली. वर्तनविषयक लाभांचा अभ्यास इझ्राएलमध्ये रूथ फेल्डमन यांनी केला. अशा प्रकारे वाढलेल्या मुलांत दहाव्या वर्षीही झोप अधिक सुव्यवस्थित, ताणाला मिळणारी शारीरिक प्रतिक्रिया सौम्य व अवधानावरील ताबा चांगला होता, असे २०१४ मध्ये त्यांनी दाखवून दिले.

चोखणे, गिळणे व श्वास घेणे या तीन क्रियांचा मेळ सु. ३४ व्या आठवड्यापर्यंत जमत नाही. तोवर मातेचे काढलेले दूध नळीने वा वाटी-चमच्याने द्यावे लागते. मातेचे दूध अपुरे असल्यास दान केलेले मानवी दूध देता यावे, यासाठी मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने १९८९ मध्ये दूधपेढी स्थापन झाली. आशियातील ती पहिली दूधपेढी होय.

रुग्णालयापासून दूर असलेल्या गावांतही अकालजात अर्भकांची निगा राखता येते, हे गडचिरोली जिल्ह्यात ‘सर्च’ या संस्थेच्या अभय व राणी बंग यांनी दाखवून दिले. गावातीलच प्रशिक्षित आरोग्यदूत स्त्रियांनी घरी जाऊन केलेल्या निगेमुळे तेथील ३९ गावांत नवजात मृत्यूचे प्रमाण हजारी ६२ वरून १९९७-९८ पर्यंत २५·५ वर आले आणि अकालजात अर्भकांतील मृत्यूचे प्रमाण ३३·३ टक्क्यांवरून १०·२ टक्क्यांवर उतरले. या कार्याच्या धर्तीवर २०११ मध्ये देशभर आशा कार्यकर्तींमार्फत घरपोच नवजात सेवा सुरू झाली.

घरी गेल्यानंतरच्या उद्दीपनाचाही उपयोग होतो. थिरुवनंतपुरम् येथील बालविकास केंद्रात एम. के. सी. नायर यांनी मातांना शिकविलेल्या साध्या खेळांमुळे जोखमीच्या अर्भकांचे पहिल्या व दुसऱ्या वर्षीचे विकासगुण वाढल्याचे दाखविले. अमेरिकेतील आठ ठिकाणी १९८५ नंतर झालेल्या ९८५ अर्भकांच्या अभ्यासात, गृहभेटी व शिशुशाळा यांमुळे तिसऱ्या वर्षी बुद्ध्यंकात स्पष्ट वाढ दिसली. परंतु कार्यक्रम थांबल्यावर आठव्या वर्षापर्यंत ती बव्हंशी ओसरली. उद्दीपन हा काही महिन्यांचा उपचार नसून बालपणभर चालणारी प्रक्रिया आहे, असा याचा बोध आहे. त्यासाठी महागडी खेळणी लागत नाहीत. चेहरा एका वितीवर आणून बोलणे, अर्भकाने काढलेला आवाज परत काढून दाखविणे, खुळखुळा हळू सरकविणे, बुवा-कूक खेळणे व घरातील वस्तूंची नावे सांगणे एवढे पुरेसे असते.

पाठपुरावा : अकालजात अर्भकाच्या नेत्रपटलातील विकृती वेळीच न ओळखल्यास अंधत्व येते, म्हणून ३४ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या अथवा २,००० ग्रॅ. पेक्षा कमी वजनाच्या अर्भकाचे डोळे चौथ्या आठवड्याच्या सुमारास तपासावेत, असा भारतातील संकेत आहे. श्रवणाची तपासणी, डोक्याच्या घेराचे मापन व स्नायूंच्या ताठरपणाची परीक्षाही नियमितपणे करावी लागते. वर्तन व बुद्धी यांच्या मापनासाठी बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात प्रमिला फाटक यांनी तयार केलेली भारतीय अर्भकांसाठीची विकासमापनश्रेणी उपयोगात आहे. ती एक ते तीस महिन्यांच्या अर्भकांसाठी असून तिच्यात हालचालींविषयीचे ६७ व मानसिक विकासाविषयीचे १६३ घटक आहेत.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी महाराष्ट्रातील पालघर येथे झाला. जन्मजात दोष, आजार, न्यूनता व विकासातील विलंब यांचा शोध घेऊन मुलांना जिल्ह्याच्या शीघ्र निदान व उपचार केंद्राकडे पाठविणे, हे त्याचे उद्दिष्ट आहे. व्यवहारात या साखळीचा कमकुवत दुवा अंतराचा असतो. रायगड जिल्ह्यातील उरण तालुक्यात धरमतर खाडीच्या मुखाशी वसलेल्या करंजासारख्या मासेमारी गावातील मातेला अर्भक घेऊन पुनःपुन्हा मोठ्या शहरी रुग्णालयात जाणे म्हणजे दिवसाची मजुरी व प्रवासखर्च असा दुहेरी भार असतो. मूल वरकरणी ठीक दिसू लागले, की तपासणी सुटते. आणि अकालजात मुलाच्या अडचणी तर पुष्कळदा शाळेत गेल्यावरच उघड होतात. म्हणून जन्माच्या वेळचे आठवडे व वजन यांची नोंद असलेला कागद घरी जपून ठेवणे, आशा कार्यकर्तीस व पुढे शिक्षकास तो दाखविणे आणि आठव्या-दहाव्या वर्षापर्यंत मुलाच्या अवधानाकडे व मैत्रीकडे लक्ष ठेवणे इष्ट असते.

सुधारित वयाच्या तिसऱ्या महिन्यापर्यंत न हसणे वा चेहऱ्याकडे न पाहणे, सहाव्या महिन्यापर्यंत आवाजाकडे न वळणे आणि बाराव्या महिन्यापर्यंत नावाने हाक मारल्यास प्रतिसाद न देणे वा खाणाखुणा न करणे, ही तज्ज्ञांचा सल्ला तातडीने घेण्याची चिन्हे होत. ती आढळली म्हणून मुलाचे भवितव्य ठरले, असे समजण्याचे कारण नाही. आणि ती आढळली नाहीत म्हणून पाठपुरावा थांबविणेही योग्य नाही. अकाल जन्म ही विकासातील जोखीम आहे, निर्णय नव्हे. ती जोखीम कितपत खरी ठरते, हे बहुतांशी अर्भकाचे क्षीण संकेत ओळखून त्याला प्रतिसाद देणाऱ्या माणसांवर आणि त्या माणसांना मिळणाऱ्या आधारावर अवलंबून राहते.